एकटीची सही

दसऱ्याचं सोनं वाटून चार दिवस होत नाहीत तोच आमच्या गावात माणसं ऊसतोडीला न्यायला ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. परवाही आले. शाळेच्या भिंतीला लागून तीन, मारुतीच्या पारापाशी दोन. दुपारपर्यंत एकेका ट्रॉलीत घर चढायला लागलं. हंडे, पत्र्याची पेटी, ज्वारीची पोती, खोपीवर टाकायची ताडपत्री, आणि सगळ्यात वर पाय बांधलेल्या दोन कोंबड्या. मी डेअरीच्या ओट्यावर उभी राहून बघत होते. दरवर्षीच बघते. नव्या सुना विचारतात, लताताई, गाव असं रिकामं होताना तुम्हाला काही वाटत नाही का? पूर्वी वाटायचं. आता मी थोडा वेळ बघते आणि आत येऊन दुधाचं फॅट तपासायच्या बाटल्या धुवायला घेते.

आमचं गाव शिरूर कासार तालुक्यातलं, कोरडं. गावच्या दूध सोसायटीला आम्ही डेअरीच म्हणतो. दोन खोल्या, एक टेबल, भिंतीवर जुन्या चेअरमनचा फोटो. त्या टेबलामागं बसून मी गावाचं दूध मोजते, हे करता करता केस पांढरे झाले. म्हशीचं शेण बाई काढते, धार बाई काढते, पण डेअरीतलं खातं बाप्याच्या नावावर, आणि सहीही त्याचीच. हे मी स्वतः लिहीत आले. कधी खटकलं नाही. खोटं कशाला सांगू, मला वाटायचं हे असंच असतं.

ट्रॅक्टर दिसले की मला तो एक दसरा आठवतो. दुष्काळाचा. त्या वर्षी पाऊस दोनदा आला, तोही वाट चुकून आल्यासारखा. कपिलधारचा धबधबासुद्धा श्रावणात नुसता ओला दगड होता, असं तिकडं जाऊन आलेले सांगत होते. जनावरं चारा छावणीत होती आणि त्यांच्यापाशी बाप्येही तिकडंच मुक्कामाला. गावात उरल्या बाया, म्हातारी माणसं आणि टँकरच्या रांगेत लावलेल्या घागरी. छावणीतलं दूध सकाळी बाप्ये सायकलवर घेऊन यायचे. उसाचा चारा खाऊन खाऊन दुधाला उसाचा वास येतोय असं मला उगीच वाटायचं. चहा करून प्यायले की तोंडात साखर कारखाना आल्यासारखं.

संगीता मला त्या टँकरच्या रांगेत म्हणाली. ती आमच्या गल्लीतली, भास्करची बायको, तीन पोरींची आई. थोरली रेखा तेव्हा आठ वर्षांची असेल. संगीता घागरीवर हात ठेवून उभी होती आणि टँकरच्या वाटेकडं बघत, माझ्याकडं न बघता म्हणाली, "ताई, मला दिवस गेलेत."

मी म्हटलं, "किती?"

"दुसरा सरत आलाय. मला न्हाई ठिवायचं."

एवढंच. रडली नाही, पदराआड तोंड लपवलं नाही. घागर पुढं सरकवली आणि रांगेत पुढं झाली.

उसाला जाणाऱ्या बाईला दिवस जाणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. असंच मोजतात, माणसं नाही, कोयते. मुकादमाशी बोलणी नवरा करतो, अंगठा नवरा उठवतो, आणि त्या अंगठ्यात बाई आलीच, तिला वेगळं कोण विचारतं? पहाटेपासून तोडायचं, बांधायचं, मग डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढायचं. संगीता तिसरीच्या वेळी सातव्या महिन्यापर्यंत ती फळी चढलेली होती. पोरगी उसाच्या फडातच झाली. पाचव्या दिवशी ही पुन्हा मोळी बांधायला. ती सांगायची तेव्हा मी म्हणायचे, बाई गं, कसं केलंस? ती म्हणायची, "कसं म्हंजी? केलं."

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ती गेली होती. मला सांगायच्या आधीच. डॉक्टरांनी विचारलं, नवरा कुठं आहे? म्हणाली, छावणीत. मग त्याला घेऊन ये, त्याची सही लागेल.

आता इथं मला जरा थांबून सांगायला पाहिजे, नाहीतर त्या डॉक्टरवर अन्याय होईल. आमच्या जिल्ह्यात मशीनवर बघून मुली पाडायचं पाप झालेलं आहे. शेजारच्या गावात झालं, आमच्या गावात झालं, ज्यांनी केलं ते पंगतीत माझ्या शेजारी बसून जेवलेत. मग धाडी पडल्या, मशीनला सील लागलं. बरं झालं. पण त्या भीतीनं सगळीच दारं लागली. ज्या बाईला मुलगा-मुलगी काही बघायचं नाही, जिला नुसतं ह्या हंगामात पोटुशी राहून मोळी उचलायची नाही, तीही त्याच संशयात. मेडिकलवाला गोळीचं नाव काढलं तरी हात जोडायचा. गावात बोलायचे, तिला पोरगी नको असंल. संगीताला ते कळलं तेव्हा ती म्हणाली, "पोरगी का पोरगा, मला काय ठावं? मला माझी पाठ ठावं हाय."

आणि नेमक्या त्याच महिन्यात जिल्ह्याहून एक बाई अंगणवाडीत आल्या होत्या, आरोग्याची माहिती द्यायला. गर्भपाताला सज्ञान बाईची स्वतःची एकटीची सही पुरते, असं त्या म्हणाल्या. नवऱ्याची, सासऱ्याची, कुणाची लागत नाही.  मग मागून गोदाबाई बोलली. गोदाबाई म्हणजे आमच्या गावची तोंडाळ म्हातारी, सरपंचालाही न भिणारी. म्हणाली, "कायद्यात हाय तर दवाखान्यात कावून न्हाई?" त्या बाईंनी काहीतरी सांगितलं, अंमलबजावणी वगैरे. पाच वाजता त्यांची जीप गेली.

बाया गेल्या नाहीत. अंगणवाडीच्या ओट्यावर बसून राहिल्या. शेजारच्या गावात बायांनी सह्या गोळा करून, मतदान घेऊन दारूचं दुकान बंद केलं होतं, ते सगळ्यांना माहीत होतं. कागदावर एक उभी बाटली, एक आडवी बाटली, आणि आडवीवर शिक्का. मग आपण का नाही? आपल्या गावातल्या बायांनी मत द्यावं, की आमच्या दवाखान्यात कायद्याप्रमाणं बाईच्या एकटीच्या सहीवर काम व्हावं. कुणीतरी विचारलं, मग चिन्ह काय ठेवायचं? गोदाबाई म्हणाली, "दारूला बाटली, तर ह्याला पाळना ठिवा. उभा पाळना, आडवा पाळना!" बाया तोंडात पदर कोंबून हसल्या. संगीताही हसली. त्या वर्षातलं ते एकच हसू मला आठवतं.

ग्रामसेवक भाऊसाहेबांकडं मी आणि गोदाबाई गेलो. ते म्हणाले, असलं मतदान कुठल्या नियमात बसत नाही. मग आमची तोंडं बघून म्हणाले, "बरं, असं करा. गावातल्या निम्म्या बायांच्या सह्या आणा, मी गांधी जयंतीच्या ग्रामसभेत ठराव मांडतो. हात वर करून मत घेऊ." त्यांना वाटलं असणार, ह्या आणतात कुठल्या. हातात आठ दिवस होते.

आठ दिवसांत मी जे केलं, ते दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याला मूर्ख म्हटलं असतं. बाया दिवसभर टँकरमागं, रोजगार हमीच्या कामावर. घरी जावं तर कुलूप. मला आपली सवयीची वाट सुचली. सकाळी दूध घालायला बाप्ये येतातच, त्यांच्याकडं एकेक कागद दिला. वर ठराव लिहिलेला, खाली घरातल्या बायांची नावं मीच लिहिलेली. म्हटलं, घरी जा, बायकोची, सुनेची सही घेऊन या. तिसऱ्या दिवशी सगळे कागद परत. भरलेले. मी किती खूश झाले! घडी घातली, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवले, उघडून नीट बघितलेसुद्धा नाहीत. दूध मोजणारी बाई मी, थेंबाथेंबाचा हिशेब ठेवणारी, आणि कागद उघडून बघितले नाहीत.

ग्रामसभेला बाया आल्या होत्या. शंभरावर असतील. पुढं बाप्ये, मागं बाया, मध्ये कुणीही न बसलेली सतरंजी. भाऊसाहेबांनी पिशवीतून कागद काढले, चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. "सौ. संगीता, करिता भास्कर. सौ. मंगल, करिता बाबासाहेब. सौ. शहाबाई, करिता दगडू." ते वाचत गेले. प्रत्येक नावापुढं करिता. छावणीत सगळ्यांनी एकाच बैठकीत सह्या ठोकल्या होत्या, बायकोकरिता, आईकरिता, सुनेकरिता. निम्म्यांनी वरचा मजकूर वाचलाच नव्हता. चाऱ्याचा अर्ज असेल, वाटलं त्यांना.

आधी पुढं हशा झाला. मग कुणीतरी मजकूर मोठ्यानं वाचला आणि हशा थांबला. भास्कर उठून म्हणाला, "मी असल्या कागदावर सही केलेली न्हाई. मला काय ठावं हे असलं हाय." भाऊसाहेब म्हणाले, नवऱ्याची सही नको म्हणणारा अर्ज नवऱ्यांच्या सहीनं आलाय, मी काय करू? भाऊसाहेब काही वाईट माणूस नव्हते. खरंच त्यांना कळत नव्हतं काय करावं. ठराव मांडलाच गेला नाही. पुढचा विषय टँकरच्या फेऱ्या.

मला शरम वाटली का? लोक विचारतात. नाही. हातापायाला मुंग्या येतात ना, बोट टोचलं तरी कळत नाही, तसं झालं होतं. मी घरी गेले, भाकरी केल्या, जेवले.

दुसऱ्या दिवशी संगीता डेअरीत आली. म्हणाली, "ताई, त्यो कागद कुठंय?"

"कशाला?"

"त्याच्यावर त्यांची सही हाय की. डाक्टराला सही पाहिजे. ही हाय."

 तेवढं डोकं मला नव्हतं. आम्ही दोघी एसटीनं तालुक्याला गेलो. तिनं तो कागद चार घड्या करून चोळीत ठेवला होता, घामानं ओलसर झालेला. डॉक्टरांनी उलगडला, वाचला. वयस्कर गृहस्थ, शांत बोलणारे. म्हणाले, "अहो, हा तर ग्रामपंचायतीचा अर्ज. मला माझ्या फॉर्मवर पाहिजे, माझ्यासमोर."

मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, कायद्यात नवऱ्याची सही लागत नाही."

ते म्हणाले, "कायद्यात नाही लागत, बाई. मला लागते. उद्या तो येऊन माझी कॉलर धरेल, तेव्हा तुमचा कायदा येतो का सोडवायला?"

खरं सांगायचं तर मला त्यांचा राग आला नाही. राग यायला आत काहीतरी जागं लागतं. संगीतानं कागद परत घेतला, तशाच चार घड्या घातल्या. बसस्टँडवर मी तिला उसाचा रस घेऊ का विचारलं. ती म्हणाली, "नगं. उसाचं नाव नगा काढू."

भास्करला मी स्वतः सांगून बघितलं. छावणीत गेले. बैलाच्या पाठीवरून हात फिरवत तो उभा होता. म्हणाला, "वहिनी, तीन पोरी हायेत. एवढी बारी बघू की. तुमी मधी नगा पडू." त्याच्या आवाजात गुर्मी नव्हती. विनंतीच होती. त्यामुळं मी तशीच परत फिरले. मी बीडला नेऊ शकले असते तिला. तिथं मोठा दवाखाना होता, कुणी ना कुणी ऐकलं असतं. पण त्या आठवड्यात डेअरीचं ऑडिट होतं. ऑडिट! आता त्या ऑडिटमध्ये काय निघालं, हेही मला आठवत नाही.

दसऱ्यानंतर ट्रॅक्टर गेला. संगीता ट्रॉलीत पेटीवर बसली होती, रेखा तिच्या पायाशी, धाकट्या दोघी आजीपाशी मागं राहिलेल्या. तिनं हात हलवला नाही. मीही नाही.

गुढीपाडव्याच्या आधी ती परत आली. वाळलेली, चेहरा उन्हात टाकलेल्या कपड्यासारखा. डेअरीत येऊन टेबलापाशी उभी राहिली आणि एका दमात सांगितलं, पाठ केलेलं म्हणावं तसं. पाचव्या महिन्यात फळीवरून पाय सटकला. रक्त गेलं. कारखान्याजवळच्या खासगी दवाखान्यात नेलं. बाळ गेलं. पुढं रक्त थांबेना, मग डॉक्टर म्हणाला गर्भाची पिशवी काढावी लागेल. काढली. मुलगा होता का मुलगी, तिनं विचारलं नव्हतं. मीही विचारलं नाही.

जायला निघाली आणि दारातून वळून म्हणाली, "आपरेशनच्या कागदावर सही ह्यांचीच झाली. मी बाजूलाच पडलेली व्हते, ताई. डोळे उघडे व्हते माजे."

तेव्हा तिचं वय तिशीचंही नव्हतं.

पुढच्या वर्षी बायांनी ठराव मांडला. ह्या वेळी मी कागद कुणाच्या हाती दिले नाहीत. घरोघर फिरले, टँकरच्या रांगेत उभी राहिले, शाईचा पॅड हातात धरून. ज्यांना लिहिता येत होतं त्यांची सही, नव्हतं त्यांचा अंगठा, स्वतःचा. महिला सभेत हात वर झाले, भाऊसाहेबांनी मोजले. ठराव मंजूर झाला, तालुक्याला गेला, तिथून कुठं गेला देव जाणे. संगीतानं अंगठा दिला नाही. दोन महिने रेखाच्या पाटीवर गिरवून गिरवून ती सही करायला शिकली होती. सही केली आणि म्हणाली, "झाली. आता मला ही कुठं लागायचीय?"  

त्यानंतर पाऊस झाले, नाही झाले. छावण्या आल्या, उठल्या. भास्कर थकला, त्याच्या बोलण्यातला मुलगा हळूहळू निघून गेला. जुने डॉक्टर निवृत्त झाले. आता तालुक्याला एक तरुण डॉक्टरीण आहे, लातूरकडची, भराभर बोलणारी. आमच्या ठरावामुळं काही झालं की नुसती माणसं बदलल्यामुळं, मला माहीत नाही. मी श्रेय घेत नाही. घ्यावंसं वाटतही नाही.

परवा ट्रॅक्टर आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी संगीता डेअरीत आली. मागं रेखा. रेखाचं लग्न होऊन तीन वर्षं झाली, दीड वर्षाचा पोरगा आहे, तीही उसालाच जाते. संगीता म्हणाली, "ताई, दवाखान्यात चला आमच्यासंगं." मला काही विचारावं लागलं नाही. डेअरीला कुलूप लावलं. मागं कोण ओरडलं ते ऐकायला थांबले नाही.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, दीड महिना सांगितला. रेखाला एकटीला आत घेऊन विचारलं, बाहेर येऊन आमच्यासमोरही विचारलं, तुझ्या मनात काय आहे? रेखा म्हणाली, "न्हाई ठिवायचं." मग फॉर्म पुढं आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "इथं सही कर. तुझी एकटीची पुरे." असं अगदी सहज म्हणाल्या, पाणी प्या म्हणावं तसं.

रेखानं फॉर्म हातात घेतला, आणि म्हणाली, "त्यांला इचारून सांगते."

बाहेर बाकावर येऊन तिनं फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. तो गावी ट्रॉलीवर सामान बांधत असणार. साडेबारा झाले. एकला ओपीडी बंद. आणि पहाटे ट्रॅक्टर हलणार. तिनं सहा वेळा फोन लावला, मी मोजत होते. मला बोलता आलं असतं. पण कुणाला विचारावं, कुणाला विचारू नये, हे त्या पोरीला मी सांगायचं म्हणजे पुन्हा दुसऱ्यानंच तिच्याकरिता ठरवायचं. मी भिंतीवरचं लसीकरणाचं पोस्टर वाचत राहिले.

संगीता तिच्या शेजारी सरकली. मग म्हणाली, हळूच, "रेखा, माझी पिशवी कुणी काढली, ठावं हाय तुला?"

"डाक्टरनं."

"सही कुणाची व्हती?"

 एवढ्या वर्षांत ही गोष्ट त्या घरात कुणी काढलीच नव्हती. मला तेव्हा कळलं.

"तुज्या बापाची. मी जागी व्हते. मला कुणी इचारलं न्हाई. तुला इचारायलेत." तिनं आतल्या दाराकडं बोट केलं. "तुला ठिवायचं असंल तर ठिव, माजं काय म्हननं न्हाई. नसंल ठिवायचं तर न्हाई म्हन. पर तू सांग. त्यो फोन सांगायचा न्हाई."

रेखा फोनकडं बघत होती. मग तिनं तो उताणा बाकावर ठेवला आणि आत गेली. दारातून आम्हाला दिसत होतं. वाकून, सावकाश, शाळेत लिहायची तशी सही केली. मध्ये नवऱ्याचं नाव होतंच, ते कुणाला चुकलंय? पण हात तिचा होता.

संगीता उठून दारापर्यंत गेली. सिस्टरला म्हणाली, "बाप्याची न्हाई ना लागत?"

"नाही हो मावशी."

"नक्की?"

"नाही लागत."

"मागनं म्हनायचे न्हाईत ना, लागते म्हनून?"

सिस्टर हसली, फॉर्म फाईलला लावला आणि नव्या पेशंटला हाक मारली. संगीता येऊन बाकावर बसली आणि रडायला लागली. मोठ्यानं, तोंडावर पदरसुद्धा न घेता. येणारे-जाणारे थांबून बघायला लागले. टँकरच्या रांगेत, ट्रॉलीत, पाडव्याआधी माझ्या टेबलापाशी, कधीच मी तिला रडताना पाहिली नव्हती. बाकावरचा फोन वाजायला लागला. रेखाचा नवरा होता. वाजून वाजून थांबला. मी संगीताच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही.